भांड्याला तडा गेलाय? आधी तो कुठे आहे ते बघा

भट्टी उघडली, आपण केलेला मग बाहेर काढला, आत डोकावून पाहिलं तर बुडाच्या मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी चीर. पुढच्या खेपेला माती बदलली, चीर तशीच. भट्टी हळू चालवली, तरीही तशीच. हौसेने मातीकाम शिकणाऱ्यांची ही सगळ्यात जुनी तक्रार, आणि तिच्यावरचे बहुतेक उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चीर भट्टीतून बाहेर आल्यावर दिसते म्हणून सगळा राग भट्टीवर निघतो. पण भट्टीत जाण्याआधी चार-सहा दिवस ती चाकावर किंवा वाळवणाच्या फळीवर पडून गेलेली असते. भट्टी तिला रुंद करते एवढंच.

म्हणून काहीही बदलण्याआधी फुटलेलं भांडं फेकू नका. तडा कुठे आहे, कुठल्या दिशेने गेलाय आणि त्याच्या कडा कशा आहेत, या तीन गोष्टींवरून तो कधी पडला ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

आकसण्याचा हिशोब

चाकावर बसवायला तयार असलेल्या मातीत वजनाच्या २० ते २५ टक्के पाणी असतं. ते निघून जाताना मातीची लांबी साधारण ५ ते ८ टक्क्यांनी घटते. पुढे भाजताना आणखी घटते. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापवून घट्ट भाजायच्या, मातीची ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंतची घट बहुतेक वेळा १० ते १३ टक्के भरते, पोर्सिलेनची त्याहून जास्त. ६ टक्के घट धरली तर ३० सेंटिमीटरची बशी नुसती वाळतानाच पावणेदोन सेंटिमीटरच्या वर लहान होते. सगळी बशी एकाच वेगाने लहान झाली तर काहीच बिघडत नाही. काठ आधी आणि बूड मागाहून असं झालं की ताण येतो, आणि ओल्या मातीला ताण सोसवत नाही.

यातली खुबी अशी की हे आकसणं शेवटपर्यंत चालत नाही. मातीच्या कणांमधलं पाणी जातं तसे कण जवळ येतात, आणि एकमेकांना टेकले की आकसणं जवळपास थांबतं. नंतर उरलेलं पाणी फक्त छिद्रांतून निघतं, मातीचा रंग फिका होतो, आकार बदलत नाही. म्हणजे धोक्याचा काळ हा चाकावरून उतरवल्यापासून ते भांडं कडक होऊन रंग पालटायला लागेपर्यंतचा. या काळात घाई केली की पुढे कितीही जपून भाजा, उपयोग होत नाही.

आपली माती नेमकी किती आकसते ते मोजून ठेवा. १४ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड पट्टी लाटा, तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा. वाळल्यावर, कच्च्या भाजणीनंतर (पुढे तिला बिस्क म्हटलंय) आणि ग्लेझच्या, म्हणजे वरून लावलेल्या काचेसारख्या थराच्या, भाजणीनंतर ती रेघ मोजा. १०० मिलिमीटरपैकी जितके कमी झाले तितके टक्के. नुसत्या वाळण्यातच ८ टक्क्यांच्या वर घट येत असेल तर त्या मातीत मोठी ताटं किंवा जाड वस्तू करणं म्हणजे विकतचं दुखणं. अशा मातीत १० टक्क्यांच्या आसपास ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची बारीक भरड, मळून घातली की घट कमी होते आणि पाणी बाहेर पडायला वाटाही मिळतात.

भंगारातून परत वापरात आणलेल्या मातीबद्दल एक सूचना. चाकाच्या थाळ्यात साठलेला गढूळ घोळ ओतून देऊ नका. मातीतले सगळ्यात बारीक, चिकट कण त्यातच असतात. घोळ टाकून उरलेला गाळ तेवढा परत मळला तर माती भुसभुशीत होते, वाकवली की लगेच तिला भेगा पडतात. घोळासकट वाळवून मळली तर ती पूर्ववत राहते.

कडा काय सांगतात

ग्लेझ लावलेल्या भांड्याला तडा असेल तर बोटाने त्याची कड चाचपा, जपून. ग्लेझ कडेवर गोलसर होऊन मागे सरकलेलं असेल, तर ग्लेझ वितळलं तेव्हा तडा आधीपासून तिथे होता. कड पात्यासारखी धारदार असेल, ग्लेझ आणि माती एकाच रेषेत तुटली असेल, तर तडा भट्टी निवताना पडला. ही एक खूण कळली की निम्मं काम झालं.

बिस्क भांड्यात चीर दिसत नसेल पण शंका असेल, तर दोन चाचण्या आहेत. भांडं तळहातावर सैल धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. अखंड भांडं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. दुसरी चाचणी डोळ्यांची: ओल्या स्पंजने भांडं एकदा पुसून घ्या आणि ते सुकताना बघत राहा. सगळा पृष्ठभाग फिका होतो, पण चिरेत पाणी मुरलेलं असतं, त्यामुळे तिथे काही क्षण गडद बारीक रेघ उरते. ग्लेझ लावण्याआधी प्रत्येक भांड्याला एवढं केलं तर ग्लेझ, वीज आणि मनस्ताप तिन्ही वाचतात.

बुडातली एस चीर

चाकावर भिंत उचलताना ती माती दोन बोटांच्या चिमटीत चांगली दाबली जाते. बुडाच्या वाट्याला असं काही येत नाही. गोळा मध्यावर आणला, अंगठा घातला, माती बाहेर सारली, की बूड तयार. तिथली माती सैल राहते आणि तिच्यात पाणीही जास्त असतं. त्यातच गोळा मध्यावर आणताना मातीचे कण पिळासारखे वळलेले असतात, म्हणून चीर सरळ न जाता एस काढते.

त्यावर वाळण्याचा क्रम उलटा. काठाला आणि भिंतीला वारा लागतो, ती आधी कडक होतात. बूड बॅटला, म्हणजे चाकावर बसवलेल्या फळीला, चिकटून ओलं बसलेलं असतं. दोन दिवसांनी बूड आकसायला निघतं तेव्हा भोवतीचं कडं ताठ झालेलं असतं, ते हलत नाही. मग बूड मधोमध फाटतं.

उपाय चाकावर सुरू होतो. ४०० ते ५०० ग्रॅम मातीचा मग करताना अंगठा घालून झाल्यावर सुईने बुडाची जाडी मोजा, ६ ते ७ मिलिमीटर ठेवा. मग चाक मंद करून बोटांची टोकं किंवा लाकडी रिब (माती दाबायची चपटी पट्टी) मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून परत मध्यापर्यंत दाबत न्या. एकदा फिरवून भागत नाही, तीन-चार फेऱ्या लागतात, आणि दाब खरा पाहिजे. नुसतं गुळगुळीत करणं म्हणजे दाबणं नव्हे. भिंत उचलण्याआधी हे करा, कारण नंतर अरुंद भांड्यात हात जात नाही.

काम संपलं की आतलं पाणी काठीला बांधलेल्या स्पंजने टिपून घ्या. बुडात चमचाभर पाणी राहिलं तर तेवढाच भाग रात्रभर मऊ राहतो. बुडाच्या आतल्या बाजूला उथळ चीर असेल आणि ती आरपार गेली नसेल, तर आधी संशय या पाण्यावर घ्या.

भांडं बॅटपासून सोडवायची तार बुडाखालून लगेच फिरवा. भांडं तासाभराने उचलणार असाल तर उचलण्याआधी परत एकदा फिरवा, कारण तार गेलेली माती पुन्हा चिकटते आणि चिकटलेलं बूड आकसू शकत नाही. नख टोचलं तर खूण उमटते पण बोटाने दाबलं तर आकार बदलत नाही, इतकं भांडं घट्ट झालं की ते काठावर पालथं घाला. यामुळे बुडाला वारा मिळतो, काठ झाकला जातो आणि दोघांचा वेग जुळतो.

ट्रिमिंग करताना, म्हणजे घट्ट झालेलं भांडं चाकावर पालथं घालून जास्तीची माती तासताना, बूड भिंतीइतकंच ठेवा, ४ ते ५ मिलिमीटर. शेवटी चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत लाकडाने बाहेरून बूड दाबून घोटा.

इथे नवशिक्यांचा एक गैरसमज असतो. बुडाची जाडी मध्यावर मोजतात आणि समाधान मानतात. खरी जाडी लपलेली असते ती बूड आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात. एक भांडं बळी द्या: चाकावरच तारेने वरून खाली उभं चिरा आणि अर्धा भाग बाजूला करून छेद बघा. भिंत ५ मिलिमीटर, बूड ७ आणि कोपरा मात्र १२-१५ असं दृश्य हमखास दिसतं. तो कोपरा सगळ्यात शेवटी वाळतो आणि तोवर बूड ओढत राहतो. आठवड्यातून एक भांडं असं चिरलं तर हात जितका सुधारतो तितका दहा भांडी जपून ठेवल्याने सुधारत नाही.

एका मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर लहान वाट्या काढत असाल तर एस चीर जास्त पडणार हे धरूनच चाला. खाली घट्ट बॅट नसते, मऊ मातीच असते, त्यामुळे वरून दाबलं तरी दाब खाली मुरतो. वाटी उघडण्याआधी शेंडा अंगठ्यांनी चांगला खाली चेपून घ्या, बूड थोडं जाड ठेवा आणि ट्रिमिंगच्या वेळी बाहेरूनही घट्ट घोटा.

कान सुटतो

मगाला कान जोडताना मग आधीच बराच आकसलेला असतो आणि कान ताजा. १२ सेंटिमीटर लांबीचा ताजा कान वाळताना ७ मिलिमीटरने कमी होणार. आधीच आकसलेला मग तेवढा कमी होणार नाही. कुणाला तरी सुटावं लागतं, आणि सुटतो तो सांधा.

तडा नेमका कुठे आहे त्यावरून कारण वेगळं निघतं. सांध्याभोवती गोल चीर असेल तर ओलाव्यात फरक होता किंवा ओरखडे कमी पडले. कानाच्या वळणावर आडव्या भेगा असतील तर कान वाकवताना तो जास्त कोरडा झाला होता. सांध्याच्या वर किंवा खाली मगाच्या भिंतीलाच चीर गेली असेल तर सांधा पक्का होता, पण कान एकटा पुढे वाळला आणि त्याने भिंत ओढली. हा तिसरा प्रकार फार जणांना कळत नाही. ते ओरखडे आणखी खोल काढत बसतात आणि चीर रुंदावत जाते.

कान ओढून झाला की तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, हवेप्रमाणे अर्धा ते एक तास. मग मगाइतका किंवा किंचित मऊ कान जोडा. दोन्हीकडे २ मिलिमीटर खोल आडवे-उभे ओरखडे काढा. त्याच मातीचा घोळ लावा, ब्रशने उचलला तर टपकू नये इतका दाट. दुसऱ्या मातीचा घोळ वापरू नका, त्याची घट वेगळी असते. घोळात पाण्याऐवजी थोडं व्हिनेगर घातलं तर आम्लामुळे मातीचे कण एकत्र गोळा होतात, घोळ दाटसर राहतो आणि चांगला धरतो. आतून भिंतीला बोटाचा आधार देऊन कान जागच्या जागी किंचित डावा-उजवा हलवत दाबा. आधी तो घसरतो, मग एकदम धरतो. ती पकड हाताला कळते. घोळ सगळ्या बाजूंनी बाहेर आला पाहिजे. खाचेत मातीची बारीक दोरी भरून लाकडी काडीने बसवा. नंतर ओल्या ब्रशने धुवत बसू नका, सांध्यात परत पाणी जातं.

यानंतर २४ तास सगळं प्लास्टिकखाली बंद, म्हणजे दोघांचा ओलावा सारखा होतो. मग झाकण सैल करताना कानावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली ठेवा. पट्टी नको असेल तर कानावर मेणाचा हात द्या, ग्लेझच्या वेळी वापरतात तेच पातळ मेण. ते बिस्कमध्ये जळून जातं, पण त्याचा धूर होतो तेव्हा हवा खेळती ठेवा.

काठ

काठावरून खाली उतरणारी चीर वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर ती काठापासून सुरू झाली. काठ सगळ्यात पातळ, सगळ्यात आधी वाळतो. त्यावर बारीकशी खोच राहिली तर ताण तिथेच एकवटतो. चाकावर शेवटी ओल्या चामड्याच्या पट्टीने काठ दाबून गोलसर करा. धारदार काठ दिसायला सुंदर असेल, टिकत नाही. रुंद वाडग्यांच्या काठावर प्लास्टिकची बारीक पट्टी टाकून मधला भाग उघडा ठेवा. एवढं पुरतं.

वाळवण

उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका हे सगळे सांगतात. त्यामागचं कारण वेगापेक्षा एकांगीपणा हे आहे. वारा एका बाजूने आला की ती बाजू आधी आकसते आणि भांडं तिकडे झुकतं. फळीवरची भांडी दिवसातून दोनदा अर्धी वळवा. फळी सलग नको, पट्ट्यांची किंवा जाळीची घ्या, म्हणजे बुडालाही हवा लागेल.

प्लास्टिक पातळ हवं. भांड्यावर थेंब साचतात आणि बुडात पडतात, म्हणून प्लास्टिकच्या आत वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा. मगासारख्या वस्तूला पहिला दिवस पूर्ण झाकण, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल झाकण, नंतर उघडं. रंग सगळीकडे पालटला की घाई केली तरी चालते.

पूर्ण वाळलं की नाही हे गालाला लावून बघण्याची जुनी रीत आहे: थंड लागलं तर आत पाणी आहे. ती बरोबर आहे, पण जाड वस्तूत फसवते. स्वयंपाकघरातला वजनकाटा जास्त खरा. रोज एकाच वेळी वजन करा. सलग दोन दिवस आकडा सारखा आला की हवेने जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. थोडा ओलावा तरीही उरतो, तो भट्टीत सावकाश काढायचा.

ताटं, फरशा, पेट्या

लाटून केलेल्या वस्तूंना तडे जातात ते बहुधा कडेला किंवा कोपऱ्यात. लाटणं एकाच दिशेने फिरवलं तर माती एका दिशेने ताणली जाते आणि वाळताना परत यायला बघते. दर दोन-तीन फिरवण्यांनंतर पोळी उचलून पाव फेरा वळवा आणि उलटा. शेवटी रबरी रिबने दोन्ही बाजूंनी दाबा. मातीला स्मरण असतं असं म्हणतात ते यासाठीच: वाकवून परत सपाट केलेली पट्टी भट्टीत पुन्हा त्याच बाजूला वाकते. उचलताना हाताने उचलू नका, फळीसकट उलटवा.

फरशा दोन सच्छिद्र फळ्यांच्या मध्ये, खालीवर कोरा कागद घालून वाळवा. वर फार वजन नको. दाबून धरलेली फरशी आकसू शकली नाही तर तिथेच चिरते. पेटीच्या कोपऱ्यात आतून मातीची दोरी बसवा आणि सांध्यांना दोन-तीन दिवस प्लास्टिकखाली ठेवा.

मोठ्या ताटांची आणखी एक गोष्ट. भट्टीत ताट आकसतं तेव्हा त्याला फळीवरून सरकावं लागतं. जड ताट सरकत नाही, बूड चिरतं. खाली बारीक ॲल्युमिना किंवा सिलिका वाळूचा पातळ थर टाका, म्हणजे ते दाण्यांवर घरंगळतं. वाळू फळीच्या कडेपर्यंत नको, खालच्या भांड्यांच्या ग्लेझमध्ये पडते.

आता भट्टी

आधी एक जुना समज बाजूला करू. भांडं भट्टीत फुटून तुकडे उडाले की “हवेचा बुडबुडा होता” असं म्हटलं जातं. हवा भांडं फोडत नाही. कोरड्या भिंतीतला बुडबुडा बहुधा तसाच भाजून निघतो. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की तिचा आकार हजार-दीड हजार पटींहून जास्त वाढतो, आणि ती निघायला वाट नसेल तर भिंत जाते. बुडबुड्याभोवती माती जाड असते आणि आत ओल राहते, म्हणून दोष त्याच्यावर येतो. माती मळायची ती एकसारखी व्हावी म्हणून, भट्टीच्या भीतीने नव्हे.

बिस्कसाठी चालणारा क्रम असा: ९० अंश सेल्सिअसपर्यंत ताशी ५०-६० अंशांनी जा आणि तिथे २ ते ४ तास थांबा. जाड वस्तू असतील तर रात्रभर. झाकणाच्या छिद्राशी थंड काच धरा. तिच्यावर धुकं धरत असेल तर वाफ अजून निघतेय, पुढे जाऊ नका. मग ६०० अंशांपर्यंत ताशी ८० ते १०० अंश. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतलं बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना त्यातला क्वार्ट्झ (सिलिकाचे स्फटिक) एकदम फुगतो. त्यानंतर ताशी १५० अंशांनी कोन ०६ (भट्टीतली उष्णता मोजायच्या कोनांचा एक क्रमांक) पर्यंत, म्हणजे हजार अंशांच्या आसपास.

चढताना पडलेली चीर बहुतेक रुंद वस्तूंच्या काठाला दिसते: काठ भट्टीच्या भिंतीतल्या तापलेल्या विजेच्या तारांजवळ, बूड जाड फळीवर थंड. ताट तारांपासून ३-४ सेंटिमीटर आत ठेवा.

उतरताना पडणारा तडा वेगळाच. तोच धारदार कडांचा. बुडापासून भिंतीवर चढतो किंवा पोटाभोवती कडं काढतो, कधी भांडं बाहेर काढल्यावर तासाभराने टिंग आवाज करून जातो. क्वार्ट्झ ५७३ अंशांना परत आकसतो, आणि मातीत क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच दुसरं रूप) तयार झालेलं असेल तर ते सव्वादोनशे अंशांच्या आसपास आणखी जोरात आकसतं. म्हणूनच २५० अंशांवर “जरा बघू या” म्हणून उचललेलं झाकण महागात पडतं. १०० अंशांखाली आल्याशिवाय फट ठेवू नका, आणि उघड्या हाताने धरवेल तेव्हाच भांडं काढा. त्यापूर्वी काढलेल्या भांड्याबद्दल तक्रार करायचा हक्क राहत नाही.

कधी कधी सगळं हळू करूनही भिंत उभी फाटते. तेव्हा ग्लेझकडे बघा. ते मातीपेक्षा फारच कमी आकसत असेल, आतून जाड लावलेलं असेल आणि बाहेर काहीच नसेल, तर निवताना आतलं ग्लेझ भिंतीला बाहेर रेटतं. काठावरून ग्लेझच्या खपल्या निघत असतील तर हेच निदान पक्कं. ग्लेझ बदला, निदान थर पातळ करा आणि बाहेरही लावा. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर उलटी गोष्ट आहे, ग्लेझ जास्त आकसतंय. त्या रेघा ग्लेझमध्ये असतात, भांड्यात नाही.

आणि एक तडा असा, जो तडाच नव्हे. बिस्क झाल्यावर काही दिवसांनी भिंतीवरून नाणंभर टवका उडतो आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. तो चुनखडीचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा कण. भट्टीत त्याचा चुना होतो, चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि टवका उडवतो. प्लास्टरच्या ज्या साच्यावर माती सुकवता त्याच्या कडा तपासा आणि धातूच्या पात्याने तिथे खरवडू नका.

काय दुरुस्त होतं, काय होत नाही

भांडं अजून घट्ट-ओलं असेल तर चीर सरळ बुजवू नका. आधी सुईने ती तळापर्यंत उघडा, घोळ भरा, त्याच ओलाव्याची माती दाबून बसवा आणि दोन दिवस झाका. वरवर बोट फिरवलेली चीर आत तशीच असते.

पूर्ण वाळलेल्या भांड्यावर पाणी लावलं की तेवढाच भाग फुगतो आणि शेजारी नवी चीर पडते. लहान चिरेवर व्हिनेगर आणि त्याच मातीची कोरडी पूड यांचा घट्ट लेप, त्यात भिजवून पिंजलेला थोडा टिश्यू पेपर, असा प्रयोग करता येतो. कागदाचे धागे ओलावा खेळवतात आणि पकड देतात. जमेलच असं नाही. वाळलेलं भांडं पॉलिश पेपरने कोरडं घासू नका. त्या धुळीत सिलिका असते आणि फुप्फुसात गेलेली सिलिका परत येत नाही. ओल्या स्पंजने पुसा, घासायचंच असेल तर एन-९५ मास्क लावून बाहेर मोकळ्यावर. एस चीर असलेल्या मगावर मात्र वेळ घालवू नका, माती परत बादलीत टाका. बिस्क होण्याआधी माती कधीच वाया जात नाही.

बिस्क झाल्यावर ग्लेझ चीर भरून काढेल ही आशा सोडा. वितळलेलं ग्लेझ चिरेच्या दोन्ही कडांना मागे सरकतं, मधे दरी राहते. अशा मगात पाणी भरून तो रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर मगात पेनं ठेवायला हरकत नाही.